दोन भोवरे आणि कुरळ्या केसांचा उतार

कुरळ्या केसांचा माणूस खुर्चीत बसला की कात्रीला हात लावण्याआधी मी त्याला चार प्रश्न विचारतो. डोकं कधी धुतलं? तेल लावलंय का? हेल्मेट घालता की नुसतं गाडीला अडकवता? आणि घरात तुमच्या केसांबद्दल कुणाचं चालतं?

पहिल्या तिन्हींची उत्तरं लगेच मिळतात. चौथ्याला माणूस हसतो. पण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याच उत्तराचा होतो. बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं सलून आहे आणि इतकी वर्षं केस कापून एक गोष्ट नक्की कळली आहे. खुर्चीत बसतो एक, केस ठरवतो दुसराच. कधी आई, कधी आजोबा, कधी पोलीस भरतीच्या अकॅडमीतले सर, आणि अलीकडे फोनमधला फोटो.

मला याद्या करायची खोड आहे. सकाळी दुकान उघडताना काय बघायचं, बंद करताना काय पुसायचं, कोणत्या केसाला कोणती फणी, सगळं आरशाशेजारी लिहून लावलेलं असतं. बायको म्हणते, "तुम्ही झोपतानासुद्धा आधी कुठली कूस, मग कुठली, ते लिहून ठेवाल." म्हणू दे. वस्तरा आणि माणसाचा गळा यांच्यात बोटभर अंतर असलेल्या धंद्यात विसराळूपणा परवडत नाही.

आता टेपरविषयी. पोरं 'टेपर मारा' म्हणतात तेव्हा त्यांना एवढंच हवं असतं: मानेपाशी आणि कानाशेजारी केस अगदी बारीक, वर जाताना हळूहळू वाढत गेलेले, आणि डोक्यावर भरपूर. कुठे बारीक संपलं आणि कुठे लांब सुरू झालं, ते दिसता कामा नये. माझे वडील याच कामाला 'उतार काढणं' म्हणायचे. त्यांनी मला तो रानाच्या भाषेत शिकवला. "उसाला पाणी देताना सरीत डबकं साचलं तर रान चुकलं. तसं नजर मानेवरून वर सोड. ती मधेच अडखळली तर कात्री चुकली."

सरळ केसांवर हे काम सोपं आहे. मशीनला नंबराची फणी लावायची आणि चढत जायचं. कुरळ्या केसांवर मशीन फसवतं. कुरळा केस स्प्रिंगसारखा असतो. पाणी मारलं की लांब दिसतो, वाळला की आखडतो. सगळीकडे आधी पाणी मारायची आमच्या धंद्यातली सवय, त्यामुळे ओला केस कापायचा, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जायचं आणि दुपारी केस वाळले की टोपाएवढं डोकं वाटीएवढं व्हायचं. म्हणून मी कुरळे केस कोरडेच कापतो. दुसरं म्हणजे डोकं कानाच्या वर जिथं वळतं, तिथं कुरळा केस दाट साठतो. तो तसाच ठेवून खालचा भाग बारीक केला तर माणसाच्या डोक्यावर टोपलं पालथं घातल्यासारखं दिसतं. तिथं केस आखूड करायचा नसतो, आतून हलका करायचा असतो. तो हात यायला वेळ लागतो.

पण केसापेक्षा अवघड असतात ती बरोबर आलेली माणसं. कन्हेरीचे एक आजोबा नातवाला घेऊन येतात. नातवाचे केस असे सुंदर कुरळे, की कुणालाही हात फिरवावासा वाटेल.

"बारीक करा," आजोबा सांगतात.

"आजोबा, टेपर करायचाय मला," नातू म्हणतो.

"त्यो काय असतो?"

मी दाखवतो. खाली बारीक, वर तसंच. आजोबा नातवाचं डोकं एकदा मागून, एकदा पुढून बघतात. "म्हंजे अर्धंच काम करनार तुमी. उरलेल्याला परत कवा येऊ?"

शेवटी आम्ही तह करतो. वरचा भाग नातवाचा, खालचा आजोबांचा. दोघंही आपलंच झालं असं समजून बाहेर पडतात. भरतीच्या पोरांचं निराळं. ते सरळ केसवाल्या नटाचा फोटो दाखवतात आणि "असंच पाहिजे" म्हणतात. त्यांना मी आरशात बघायला सांगतो आणि विचारतो, हा फोटोतला माणूस यात कुठे दिसतोय? तो दिसत नाही, हे त्यांना पटलं की मग कामाला लागतो.

हे सगळं निभतं. केस चुकला तरी महिन्याभरात परत येतो, ही आमच्या धंद्यातली मोठी सोय. पण एकदा माझ्या खुर्चीत असा टेपर ठरायचा होता, की तो चुकला असता तर परत येणारं काही नव्हतं.

सांगवीचा अमोल माझं जुनं गिऱ्हाईक. शेडनेटमध्ये ढोबळी मिरची करतो, माल स्वतःच्या पिकअपमधून बाजारात आणतो आणि परतताना माझ्याकडे टेकतो. वागायला सरळ, कामाला वाघ, वय तिशीच्या पुढे, आणि लग्न जमत नव्हतं. शेती करणाऱ्या पोराला मुलगी देताना आज आमच्या भागात बागायतदारही दहादा विचार करतो. स्वतःच्या घरात ऊस असतो, पण जावई नोकरीवालाच हवा असतो.

त्यातून अमोलच्या डोक्यात दोन भोवरे. भोवरा म्हणजे माथ्यावर केस जिथून गोल फिरत निघतो ती जागा. बहुतेकांना एक असतो, काहींना दोन. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात, असं आपल्याकडे म्हणतात. लहान पोराला हे सांगून चिडवायचं असतं, एवढंच मी समजत होतो. अमोलच्या घरी मात्र त्यापायी एक सोयरीक मोडली होती. सुपारी फुटलेली, तारीख धरायची बाकी. मुलीकडच्या कुणा वृद्ध बाईने आशीर्वादाला त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि निरोप आला: आमची पोरगी पहिली ठरायची, तिच्यावर दुसरी यायची. खरं कारण शेती असेल, आणखी काही असेल, देव जाणे. पण तेव्हापासून अमोलच्या आईने, शालनकाकूंनी, त्याचे केस वाढवून घेतले. कुरळे केस वाढले की भोवरा बुजतो. माझ्या चौथ्या प्रश्नाचं अमोलचं उत्तर त्यामुळे ठरलेलं होतं: "आईचं."

गेल्या वर्षी तो आला तो आईला घेऊनच. काकू बाकावर बसल्या. शेजारी पेपर वाचायला रोज येणारे पिंपळीचे आबा होते, त्यांनी सरकून जागा दिली.

"दादा," काकू मला म्हणाल्या, "रविवारी पोरीकडं जायाचंय. इंदापूरकडची मानसं हायती. पोरगी हितंच दवाखान्यात रक्त तपासती. दोघांनी एकमेकांला पसंत केलंय, आता मोठ्यांची बोलनी हायती. बाजूनं नीट करा. माथ्याला हात लावू नका."

अमोल म्हणाला, "प्राजक्ता म्हणली, टोपलं उतरवून या."

"उतरवायचं तेवढंच उतरवा," काकू म्हणाल्या.

मी डोकं नीट बघितलं. टेपर दोन प्रकारे बसत होता. एक, खालचा: मान आणि कानशिलं तेवढी बारीक, माथ्यावरचं सगळं तसंच. भोवरे झाकलेले. दुसरा, चढता: उतार मागून जवळजवळ माथ्यापर्यंत न्यायचा. अमोलचा चेहरा रुंद, मान आखूड. त्याला चढताच शोभला असता. पण त्यात भोवरे उघडे पडणार होते. दोन्ही भोवरे उलटसुलट फिरणारे, मधल्या पट्टीतला केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उभा.

मी खालचा टेपर केला. वरचं टोपलं आतून हलकं केलं. बरा दिसत होता. काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

अमोलने आरशात पाहिलं आणि मला विचारलं, "दादा, खरं सांगा. कुणी डोक्यावर हात ठिवला तर कळंल का?"

"कळेल," मी म्हणालो. "नजरेला दिसणार नाही, बोटाला लागेल."

"मग झाकून काय फायदा? काढा वरपर्यंत."

काकू उठूनच उभ्या राहिल्या. "अमोल!"

"आई, तिला सांगितलंय मी. ती म्हणली, लपवून येऊ नका, नंतर माझ्या आईला कळलं तर जास्त लागंल. आन् लग्न झाल्यावर मी काय जलमभर टोपी घालून हिंडू?"

"झाल्यावरचं झाल्यावर. आधी होऊ तर दे!" काकू खुर्चीपाशी आल्या. "एकदा फुटलेली सुपारी माघारी आली. गावात तोंड दाखवायला जागा न्हवती. आता परत मला सोसायचं न्हाय."

पेपरामागून आबा म्हणाले, "शालन, दोन लग्नाला कशाला भितीस? हितं पोरांला एक मिळंना, दुसरी कुठनं आननार त्यो?"

अमोल हसला, मी हसलो. काकू हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. आई एका बाजूला, पोरगा दुसऱ्या, आणि मशीन माझ्या हातात. अशा वेळी माझी एकही यादी कामाला येत नाही. मी एवढंच केलं, की खुर्चीत कोण बसलंय ते बघितलं. डोकं त्याचं होतं. मी उतार वर नेला. काकू दुकानाबाहेर जाऊन पिकअपमध्ये बसल्या.

खरं सांगतो, तो माझ्या हातून झालेल्या चांगल्या टेपरपैकी एक होता. मानेपासून माथ्यापर्यंत नजर कुठे अडखळत नव्हती. माथ्यावर मात्र दोन भोवरे स्पष्ट, जणू कुणी बोटाने काढून ठेवलेले.

रविवार गेला. पुढच्या आठवड्यात अमोल आला नाही. बाजारात मात्र त्याची गाडी दिसली. मग एका दुपारी शालनकाकू आल्या. दुकानात शिरल्या नाहीत, पायरीवरच थांबल्या.

"पोरीच्या आईनं डोक्यावर हात ठिवला," त्या म्हणाल्या. "ठिवला आन् काढलाच. मग बोलनं थांबलं. आमी निघताना म्हनल्या, कळवतो."

'कळवतो' याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही समजतो.

"दादा, तुमी थांबायला पायजे व्हतं," एवढंच बोलून त्या गेल्या.

कापलेला केस महिन्यात वाढतो, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. इथे त्याचा काही उपयोग नव्हता. काकूंचं ऐकलं असतं तर? लग्न होऊन गेलं असतं, मग कधीतरी कळलं असतं, चार दिवस कुरबुर झाली असती. आणि प्राजक्ताने सांगितलेलं खरं ठरलं असतं तर? मी दोन्ही बाजू मनात मांडून बघितल्या. दोन्ही याद्या सारख्याच लांब झाल्या.

पुढे दोन-तीन दिवसांनी दुकानात एक मुलगी आली. पुरुषांच्या सलूनमध्ये मुलगी आली की बाकावरची माणसं उगाच सावरून बसतात, तशी बसली. तिने चप्पल बाहेर काढली, माझं नाव विचारलं आणि म्हणाली, "मी प्राजक्ता. अमोलचे केस तुम्हीच कापलेत ना?"

मला वाटलं, हीपण भांडायला आली.

"चांगले कापलेत," ती म्हणाली. "मला एक सांगा. तुमच्या हाताखालून एवढी डोकी गेली. दोन भोवरेवाले किती असतात?"

"मोजले नाहीत," मी म्हणालो, "पण पुष्कळ. आणि त्यांची लग्नं एकेकच. उलट ज्यांची दोन झाली, त्यातल्या कितीतरी जणांना एकच भोवरा. हे आबाच बघा. दोन भोवरे, एक बायको."

आबांनी टोपी काढून डोकं पुढे केलं. "बघ बाय. पर माझा हिशेब धरू नकोस. माझी एकटीच दोघींच्या तोडीची हाय."

प्राजक्ता हसली, पण लगेच गंभीर झाली. "काका, मला हे सगळं पटतं. माझ्या आईला नाही पटणार. तिच्या बहिणीला सवत आली होती. तिने ते डोळ्यांनी बघितलंय. तिला पुरावा नकोय, तिला उपाय हवाय."

मी तिच्या आईला मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं होतं. त्या बाईला कसली भीती असेल, हा प्रश्नच मला पडला नव्हता. केस कुणाच्या धाकाने वाढतात ते मी विचारतो. धाक कशाचा, ते विचारायचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आबांनी पेपर घडी घालून ठेवला. "उपाय व्हता की पूर्वी. नवऱ्या मुलाचं आधी रुईच्या झाडासंगं लगीन लावायचं. त्ये झालं पयलं. मग खरी नवरी आनायची. आमच्या लहानपनी ऐकलंय म्या."

"झाडाशी?" प्राजक्ताने विचारलं.

"व्हय. म्हंजे दोष झाडावर जातो."

तिने आरशासमोरच्या दोन बाटल्या शेजारी-शेजारी सरकवल्या. मग म्हणाली, "आबा, झाड कशाला मधे? पहिलं माझ्याशीच लावा, दुसरंही माझ्याशीच. आधी रजिस्टर, मग अक्षता. दोन लग्नं झाली. बायको एकच."

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दादा," ते म्हणाले, "ही पोरगी सांगवीला गेली तर सांगवीचं कल्यान हाय."

तिने हे घरी कसं पटवलं, मला ठाऊक नाही. इतकं कळलं, की तिची आई दोन दिवस बोलली नाही, मग आपल्या बहिणीकडे जाऊन आली आणि तिच्याकडूनच होकार घेऊन आली. बहीण म्हणाली म्हणे, "माझ्या वेळेला कुनी एवढा इचार केला असता, तर."

नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, महिनाभर थांबावं लागतं आणि तीन साक्षीदार लागतात. तिसरा साक्षीदार म्हणून अमोलने मला बोलावलं. मी सोमवारी, म्हणजे माझ्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशीच तारीख घ्यायला सांगितली. आधार कार्ड, त्याची झेरॉक्स, फोटो, निळ्या शाईचा पेन, सगळं घेऊन नोंदणी कार्यालयात वेळेआधी हजर झालो. वर एक पेन जादा. तो लागला, कारण नवरदेवाचा चालेना.

शालनकाकू रोजच्या सुती पातळात आल्या होत्या. मुद्दाम. गजरा नाही, काही नाही. अमोलच्या मावसभावाने पेढ्यांचा पुडा आणला होता, तो त्यांनी पिशवीतून काढूच दिला नाही. "ह्ये खरं न्हाय," त्या प्रत्येकाला बजावत होत्या. "ह्ये भोवऱ्याचं हाय. खरं लगीन पुढच्या रविवारी. आज कुनी काय मनावर घेऊ नका." प्राजक्ताची आई दुसऱ्या बाकावर होती. तीही तितक्याच निर्धाराने भिंतीकडे बघत बसलेली. दोघी विहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. हे लग्न नाहीच म्हटल्यावर बोलायचं कशाला?

साहेबांनी नावं पुकारली. अमोलने आणि प्राजक्ताने पाठोपाठ शपथ वाचली. हिचा पत्नी म्हणून, याचा पती म्हणून स्वीकार करते-करतो, अशी साधी चार वाक्यं. ना मंत्र, ना वाजंत्री, शेजारी झेरॉक्स मशीनची घरघर. अमोलने सही केली. प्राजक्ताने सही केली. मग मी केली.

साहेब म्हणाले, "झालं. अभिनंदन."

मागून हुंदका आला. वळून बघतो तर शालनकाकू पदर तोंडाला लावून रडत होत्या, आणि त्यांचा हात प्राजक्ताच्या आईने घट्ट धरला होता. तिच्याही डोळ्यांतून धारा.

"लागलं की गं," काकू कशाबशा म्हणाल्या. "ह्येच लागलं बघ लगीन."

प्राजक्ता दोघींच्या मधे जाऊन बसली, एकेक हात दोघींच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, थोडं रडू शिल्लक ठेवा. रविवारी परत लागायचंय."